जोर आहे, माप नाही

तिवाने सर्व्हिससाठी चेंडू वर उडवला, बॅट फिरवली आणि चेंडू तिच्या मागे जाऊन पडला, तेव्हा आधी मी हसले. तिवालादे म्हणजे माझ्या भावाची मुलगी, वय सतरा, आणि टेबल टेनिसमध्ये आमच्या इलुमेसी गावात तिला हरवणारं कोणी नाही, मुलगासुद्धा नाही. अशी पोरगी चेंडू चुकवते म्हणजे कोचची थट्टा करत असणार, असं मला वाटलं. मंगळवारची सकाळ होती. बाजाराकडे जाता जाता डोक्यावरची टोपली शाळेच्या हॉलच्या दारात टेकवून मी दोन मिनिटं तिचा सराव बघत उभी होते. रोजच बघायचे. पाय निघायचाच नाही.

दुसऱ्यांदा चेंडू उडाला, दुसऱ्यांदा चुकला. तिसऱ्यांदा तर बॅट टेबलाच्या कडेवर खाडकन आपटली. मग ती खाली पडलेला चेंडू उचलायला वाकली, आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. तिचा हात चेंडूच्या पलीकडे गेला. मागे आला, तर अलीकडे राहिला. पुन्हा गेला. चेंडू जागचा हललेला नव्हता, हातच त्याला सापडत नव्हता. जवळ जाईल तसा जास्तच थरथरत होता.

कोच फातोकुन धावत आले आणि त्यांनी सरळ तिच्या तोंडाचा वास घेतला.

"काय प्यायलीस? खरं सांग. रविवारी फायनल आहे आणि तू आज ढोसून येतेस?"

"मी... का-ही... प्या-ले... ना-ही." शब्द तिच्या तोंडातून तुकड्या-तुकड्याने पडत होते.

हॉलमधली पोरंपोरी खो खो हसली. "अरे, टेबल हलतंय का बघा रे! तिवा नाही हलत, टेबलच हलतंय!" एकजण ओरडला. मी टोपलीचं झाकण काढून त्याच्या पाठीत घातलं, तेव्हा सगळे गप्प झाले. तिवा माझ्याकडे यायला निघाली. दोन पाय लांब लांब फाकवून, डुगडुगत, होडीत उभं राहिल्यासारखी आली आणि माझ्या खांद्यावर कोसळली. तिच्या डोळ्यांत बघितलं तर बुबुळंसुद्धा एका जागी थांबेनात, कडेला जाऊन झटके देत होती.

"ओवाजेवाल्यांची करणी आहे ही," कोणीतरी कुजबुजलं. "गेल्या महिन्यात त्या मोरायोने हिला केसांची पट्टी दिली होती ना? तेव्हाच मी म्हटलं होतं."

मोरायो ही ओवाजे गावची खेळाडू. राज्याच्या संघात मुलींची एकच जागा रिकामी होती आणि ती जागा या दोघींपैकी एकीला मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मलाही ती करणी पटली. पट्टी घरी कुठे ठेवलीय ते आठवून ती जाळायची कशी, इथपर्यंत माझं डोकं पोचलं होतं. पण कोचनी मोटारसायकल काढली, तिवाला मध्ये बसवलं, मागे मी तिला घट्ट धरून बसले आणि आम्ही दवाखाना गाठला.

दवाखान्यातल्या डॉक्टरचं नाव नानरेत, ती लांबच्या जोस शहराकडची. काडीसारखी बारीक बाई, आमच्याकडे येऊन तीनच महिने झालेले. तिला आमचं कोनफळ माहीत नव्हतं, आमचा पाऊस माहीत नव्हता, पण आजारी माणूस दिसलं की डोळे लकाकायचे. तिने तिवाला खाटेवर बसवलं आणि आपली दोन बोटं तिच्या मुठीत दिली.

"दाब. अजून जोरात. आई गं! पुरे, पुरे, मोडशील!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, हिच्या हातात जोर भरपूर आहे."

"जोर असणारच," मी म्हटलं, "माझ्या घरची आहे."

"आता आपल्या नाकाला बोट लाव. आता माझ्या बोटाला लाव. पुन्हा नाकाला."

मांडीवर तिवाचा हात अगदी शांत होता. उचलला, आणि डॉक्टरच्या बोटाजवळ पोचता पोचता तो असा काही थरथरायला लागला की बोट हवेतच इकडून तिकडे फिरलं. नाकाकडे आलं ते डोळ्यात जाता जाता राहिलं. मग तिला आडवं करून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून खाली सरकवायला सांगितलं. टाच नडगीवर टिकेना, घसरून एकदा इकडे पडे, एकदा तिकडे. तिवा रडायला लागली. मी भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टर मात्र हळूहळू रंगात येत चालली होती. तिने आपला पंजा कोचच्या मानेवर, डोक्याच्या मागच्या फुगवट्याखाली, असा काही ठेवला की कोच दचकले.

"इथे. इथे आत लहान मेंदू असतो, मुठीएवढा. मोठा मेंदू हुकूम सोडतो, हात उचल, पाय टाक. पण किती उचल, कुठे थांब, एक हात पुढे गेला की कमरेने किती मागे व्हायचं, हे सगळं हा बघतो. तो बिघडला की हात लुळा पडत नाही. जोर असतो, माप नसतं."

माप म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बावीस वर्षं मी बाजारात मापाचा डबा पोत्यात बुडवते आणि काठोकाठ भरून वर काढते, बघतसुद्धा नाही, गिऱ्हाइकाशी भांडता भांडता. कधी चिमूटभरही सांडलं नाही. तो हिशोब मी करतच नव्हते तर!

"आणि चेंडू?" कोचनी विचारलं.

"चेंडू तर त्याचा लाडका!" डॉक्टर टेबलावरचा कापसाचा बोळा उडवत म्हणाली. "समोरचीने फटका मारला की चेंडू येतो किती वेळात? डोळ्याने बघून, विचार करून, मग हात हलवायचा म्हटलं तर चेंडू केव्हाच निघून गेला. लहान मेंदू आधीच अंदाज बांधतो की चेंडू आत्ता तिथे असेल. आणि हात तिथे धाडतो. चुकला तर पुढच्या वेळी सुधारतो. हजारदा, लाखदा. तुमचा सराव म्हणजे दुसरं काय? त्याची शिकवणी!"

कोच खाटेवर मटकन बसले. "पाच वर्षं मी या पोरीला ओरडतोय, विचार करू नकोस, विचार करू नकोस! मला वाटायचं मी उगीच ओरडतोय. डॉक्टर, मी बरोबर ओरडत होतो!"

"अगदी बरोबर ओरडत होता."

दोघांना काय आनंद झाला! तिवा मध्ये रडतेय आणि हे दोघं लग्नातल्यासारखे हात मिळवतायत. माझा पारा चढला. "मापाचं कळलं. आता दुरुस्त कधी करता ते बोला."

डॉक्टर गंभीर झाली. "ते बिघडलं कशाने, त्यावर आहे. काल काय खाल्लं हिने?"

आता माझ्याबद्दल सांगायलाच हवं. मला सगळे इया लेके म्हणतात, म्हणजे लेकेची आई. लेके इबादान शहरात असतो. मी बाजारात अळ्या विकते. पावसाळ्यात अरेरेच्या झाडांवर रेशमी कोशांचे मोठे गुच्छ लागतात, त्यातल्या अळ्या काढून, केस जाळून, वाळवून, भाजून. आम्ही त्यांना एकुकु म्हणतो. जुलै ते ऑक्टोबर गावाला दुसरं काही सुचत नाही, आणि माझ्यासारखी खमंग कोणी भाजत नाही. सोमवारी संध्याकाळी, फायनल जवळ आली म्हणून, मी तिवापुढे कुटलेल्या कोनफळाचा डोंगर ठेवला आणि त्यावर एकुकु अशा वाढल्या जशा कुणी आपल्या जावयाला वाढणार नाही. ताकद यावी म्हणून. रात्री तिला उलट्या झाल्या. मी म्हटलं, धास्ती घेतली असेल खेळाची.

आणि आता डॉक्टर विचारत होती, काय खाल्लं.

"कोनफळ," मी म्हटलं. "आणि रस्सा."

"अजून काही?"

"एवढंच."

तिवाने माझ्याकडे बघितलं. मोठ्यांच्या बोलण्यात बोलायचं नाही, हे मीच तिला शिकवलेलं. माझ्या तोंडाला कुलूप का लागलं ते कुठल्याही बाजारातली बाई सांगेल. आमच्या गावात अन्नातून विष घालणारी म्हणून एकदा नाव झालं की ते मरेपर्यंत पुसलं जात नाही. आणि खरंच सांगते, मला अळ्यांवर संशय होता असंही नाही. मी स्वतः रोज मूठभर खाते. पण मग सांगायला का घाबरले? या प्रश्नाने मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

बुधवारी सकाळी तिवाला पेला धरता येईना. पाणी ओठांपर्यंत पोचायच्या आत छातीवर सांडलं. डॉक्टरने मला व्हरांड्यात बोलावलं. आज तिच्या डोळ्यांत लकाकी नव्हती.

"मावशी, हिला इबादानला पाठवते. डोक्याचा फोटो काढावा लागेल. लहान मेंदूत गाठ वाढत असली तरी असंच होतं."

गाठ. मी तिथेच, पावसाने ओल्या पायरीवर बसले आणि तोंडातून बाहेर पडलं, "एकुकु. मी तिला एकुकु घातल्या, डॉक्टर. माझ्या पाटीवरच्या. ताट भरून घातल्या."

"एकुकु म्हणजे काय?"

"अळ्या. रेशमी अळ्या."

तिने किंकाळीच फोडली. खरंच सांगते, दवाखान्याच्या आवारातल्या कोंबड्या उडाल्या. "अळ्या! पावसाळा! आणि नुसतं कोनफळ!" ती आत धावली, औषधांच्या खोलीत म्हातारे बाबा अकिनसोला बसले होते त्यांना विचारलं, "बाबा, इथे पावसाळ्यात लोकांना अशी चक्कर, असा थरथराट होतो का?"

"दर वर्षी होतो," बाबा चष्मा पुसत म्हणाले. "आधीचे डॉक्टर ब जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायचे."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं का नाही?"

पंधरा मिनिटांत तिवाच्या दंडात सुई गेली. सुई टोचता टोचता डॉक्टर बोलत होती, थांबायला तयार नव्हती. शरीराला ब-एक नावाचं जीवनसत्त्व लागतं, त्याचा साठा फार थोडा असतो. कोनफळ, कसाव्याच्या कंदाची गारी असलं पिठूळ अन्न पचवायला तेच खर्च होतं. डाळी, मासे, अंडी खाल्ली की भरून निघतं. आणि या अळ्यांमध्ये असं काही असतं की ते उरलंसुरलं ब-एक फोडून टाकतं, भाजलं तरी त्याचा गुण पुरता जात नाही. साठा संपला की पहिला फटका बसतो तो लहान मेंदूला.

"पण मीही खाते," मी म्हटलं. "मला काही होत नाही."

"तुम्ही मासे खाता का?"

आमच्या घरात मासा, मांस, अंडं मोठ्यांच्या ताटात जातं. पोरांना गोडी लावली तर पोरं चोर होतात, असं माझी आई सांगायची, तिची आई सांगायची. तिवा माझ्याकडे आल्यापासून पाच वर्षं मी तिच्या ताटात रस्सा वाढला आणि मासा स्वतः खाल्ला. प्रेमाने, बरं का. तिला वळण लागावं म्हणून. आणि एवढ्या वर्षांत एकदाच हात सैल सोडला, तो अळ्यांवर. मला स्वतःची इतकी चीड आली की त्याच पावली घरी गेले, कोंबड्यांची सगळी अंडी गोळा केली, उकडली आणि टोपलीभर अंडी घेऊन खाटेशी उभी राहिले. "खा," मी म्हटलं. "चोर झालीस तर झालीस."

गुरुवारी दुपारी तिवाने डॉक्टरच्या बोटाला बोट लावलं. थरथरलं, पण लागलं. डॉक्टरने टाळी वाजवली. संध्याकाळी तिचे शब्द जोडून यायला लागले आणि पहिलं आख्खं वाक्य ती बोलली ते, "आत्या, अंडी पुरे आता." शुक्रवारी सकाळी ती व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, पाय अजून थोडे फाकलेले, पण भिंत न धरता. कोचनी खिशातून चेंडू काढून तिच्याकडे फेकला. हात गेला आणि चेंडू मुठीत! आख्खा दवाखाना ओरडला, बाळंतिणीसुद्धा. कोच तिथेच नाचले. मी नाचले. डॉक्टर सुई हातात घेऊन नाचत होती, म्हणून बाबा अकिनसोला ओरडत होते.

"खेळू शकेल?" कोचनी विचारलं.

"हात तयार आहे," डॉक्टर म्हणाली. "पाय अजून अर्धं पाऊल उशिरा येतात. खेळू द्या, पण दमली की थांबवा."

"दमेल कशी? मला विचारा ना कोणीतरी!" तिवा म्हणाली. "खेळणार!"

शनिवारी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये उपांत्य सामने झाले. तिवाने ओंडोच्या एका उंचच उंच मुलीला सरळ तीन डावांत घरी पाठवलं. प्रत्येक गुणाला मी ओरडत होते, घसा बसला होता. मोरायोनेही आपला सामना जिंकला. म्हणजे ठरल्याप्रमाणेच, रविवारी दुपारी तिवा विरुद्ध मोरायो. दुपारच्या जेवणाला सगळे व्हरांड्यात पसरले. मी पानात वाफवलेलं चवळीचं मोईन-मोईन आणलं होतं, आत अंडं, वर सुकट, सगळं तिवासाठी. गावात कोणाला काही सांगितलं नव्हतं. कसलासा ताप आला होता, उतरला, एवढंच. पाटी बुधवारपासून बंद होती आणि पुढे काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं. आधी फायनल, मग बघू, असं चाललं होतं.

"इया लेके! अगं इया लेके!" मोरायोच्या आईने हाक मारली. तिला सगळे इया मोरायोच म्हणतात. हसरी, गोल बाई. "ये ना जेवायला! बघ काय आणलंय. तुझ्याच पाटीवरच्या आहेत हं! सोमवारी नेल्या होत्या. म्हटलं, तिवा खाते ना, मग आमच्या पोरीनेच काय घोडं मारलंय? मुद्दाम उद्याच्या सामन्यासाठी राखून ठेवल्या."

ताटात कुटलेल्या कोनफळाचा पांढराशुभ्र डोंगर होता आणि त्यावर माझ्या एकुकु. तुपकट, खमंग, माझ्या हातच्या. मोरायो शेजारी मांडी घालून बसली होती. हडकुळी पोर, मनगटं तिवापेक्षा बारीक. तिचं ताट बघून कळत होतं की त्या घरातही मासा कोण खातो.

मला वेळेचा हिशोब नको इतका ठाऊक होता. आत्ता खाल्लं की संध्याकाळी उलट्या. उद्या सकाळी हात चेंडूला सापडायचा नाही. दुपारी फायनल. मला काही करायचं नव्हतं, नुसतं मोईन-मोईन सोडत बसायचं होतं. कदाचित तिला काही झालंही नसतं, सगळ्यांना होतं थोडंच? आणि बोलायचं म्हटलं तर पुढे कोण बसलंय? अर्धा बाजार. माझी गिऱ्हाइकं. माझ्या शेजारी पाटी लावणारी इया शुंबो, जिची चार पोरं याच चार महिन्यांवर जगतात.

मोरायोने घास मोडला. मी तेवढा वेळ गप्प होते. तो घास तिने अळ्यांत बुडवला, तेवढाही वेळ गप्प होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, इथे सांगते.

मग मी उडीच मारली. कशी मारली मला ठाऊक नाही, वय पंचावन्न आहे माझं. तिचा हात धरून घास झटकला, ताटाला लाथ लागली, कोनफळ एकीकडे आणि एकुकु व्हरांडाभर गडगडत गेल्या.

"खाऊ नकोस! माझ्या अळ्यांनी माझी पोर अर्धमेली झाली!"

मग जो गोंधळ उठला! ओवाजेचे कोच उभे राहिले. "उपाशी ठेवून हरवायचा डाव आहे! पंच! पंचांना बोलवा!" इया मोरायो ताटाकडे बघून आ वासून बसली होती. इया शुंबो दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्यासमोर आली.

"इया लेके, वेड लागलं का तुला? स्वतःची पाटी बुडव, आमच्या पोटावर का पाय देतेस? माझी आजी खायची, मी खाते, मला काय झालंय?"

"तू मासेही खातेस, शुंबोची आई! पोरांना देतेस का?"

"माझ्या पोरांचं तू नको सांगूस!"

"मंगळवारी मी प्यायलेली नव्हते." तिवाचा आवाज आला. ती हॉलच्या पायरीवर उभी होती. लाजरी पोर आहे ती, टेबलापाशी सोडून कुठे बोलत नाही. "तुम्ही हसलात सगळे. माझा हात माझं ऐकत नव्हता. समोर चेंडू दिसतोय आणि हात भलतीकडेच जातोय. मी कोणाचाच हात तसा होऊ देणार नाही. मोरायोचा तर नाहीच." मग तिने इथे, डोक्याच्या मागे, पंजा ठेवला आणि लहान मेंदूचं सगळं सांगितलं, डॉक्टरपेक्षा सोपं. मध्ये मध्ये कोच, "विचार करू नकोस म्हणतो ना मी, ते हेच!" असं ओरडून भर घालत होते. डॉक्टरला कोणीतरी बोलावून आणलं. तिने इया शुंबोला सांगितलं की अळ्या विकू नकोस असं मी म्हणत नाही, पण एवढी वर्षं ज्याने पोरांना मासा नाही दिला त्याने पोरांना अळ्याही देऊ नयेत. इया शुंबो पाय आपटत निघून गेली. ती माझ्याशी अजूनही नीट बोलत नाही.

मोरायो तशीच बसली होती, हाताला कोनफळ लागलेलं, पोट रिकामं. मी तिवाच्या मोईन-मोईनचं सगळ्यांत मोठं पान सोडलं आणि तिच्यापुढे ठेवलं. तिने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"यात काय आहे?" इया मोरायोने विचारलं. आवाजात काटा होता. तिचं चुकलं नाही.

मी एक घास तोडून स्वतः खाल्ला. मग तिच्या पोरीने तीन पानं संपवली.

रविवारचा सामना! मी तुम्हाला कसा सांगू! पहिला डाव तिवाचा, दुसरा मोरायोचा. चेंडू दिसत नव्हता, नुसता टक-टक आवाज येत होता आणि दोघींचे हात आवाजाच्या आधीच तिथे हजर असायचे. मला राहून राहून त्या दोन मुठीएवढ्या गोष्टी दिसत होत्या, दोन डोक्यांच्या मागे बसलेल्या, घाईघाईने मापं काढणाऱ्या. तिसरा तिवाचा. चौथा मोरायोचा. डॉक्टर बाकावर उभी राहून किंचाळत होती, कोणाच्या बाजूने तेच कळत नव्हतं. पाचवा डाव, नऊ-नऊ. मोरायोने चेंडू उजव्या कोपऱ्यात लांब टाकला. तिवाचा हात बरोब्बर पोचला, पण पाय अर्धं पाऊल मागे राहिला. चेंडू जाळीत. पुढच्या गुणाला पुन्हा तोच कोपरा, पुन्हा तेच अर्धं पाऊल.

अकरा-नऊ. मोरायो जिंकली.

ओवाजेचे लोक टेबलावर चढले. मी बसूनच राहिले. ते अर्धं पाऊल कोणाचं होतं ते मला ठाऊक होतं. पाच वर्षांच्या माझ्या वळणाचं होतं, आणि मंगळवारी मी गिळून टाकलेल्या एका शब्दाचं. तेव्हाच बोलले असते तर आख्खा एक दिवस हातात होता. मी रडत होते आणि पदर सापडत नव्हता.

मोरायो गर्दीतून वाट काढत आली आणि आमच्याकडे मोठ्यांना मान देताना टेकतात तसे माझ्यासमोर दोन्ही गुडघे टेकले. तिची आई मागे उभी होती, हातात जिंकलेला कप धरून.

"उठ गं," मी म्हटलं. "जिंकलीस ना. उठ."

"रडतेयस कशाला, आत्या?" तिवा घामाने निथळत आली. डोळे लाल होते, पण असे तापलेले की मी दचकलेच. "इया मोरायो, संघात जाईपर्यंत हिला रोज चवळी घाला, मासे घाला. पुढच्या वर्षी मला ही धडधाकट हवी आहे. आजाऱ्याला हरवलं असं कोणी म्हणायला नको."

"हरवशील मला?" मोरायो गुडघ्यावरूनच म्हणाली.

"तुमची गाडी किती वाजता सुटते?"

"अर्ध्या तासाने."

"मग बॅट काढ."

पंच निघून गेले होते. हॉल झाडणारी बाई टेबलाखालून केर काढत होती, तिला दोघींनी बाजूला सरकवलं. कोच म्हणाले, पोरी दमल्यात, थांबवा. डॉक्टर म्हणाली, खेळू द्या. गुण कोणीच मोजत नव्हतं, नुसत्या गमतीचा डाव होता म्हणे.

मी मोजले. अकरा-सात. आमची जिंकली.